राउटर मेज : विद्युत् स्विच-योजना व सुरक्षितता

लाकडात खाच, खोबण किंवा नक्षीदार कडा कोरणारे राउटर हे हातयंत्र उलटे करून मेजाच्या फळीखाली घट्ट बसविले व त्याचे पाते फळीतील भोकातून वर काढले म्हणजे जे यंत्र तयार होते, त्यास राउटर मेज म्हणतात. हाती धरलेल्या राउटरात लाकूड स्थिर असते व यंत्र त्यावरून फिरविले जाते. राउटर मेजात यंत्र स्थिर राहते व लाकूड त्यावरून सरकविले जाते. लहान, अरुंद किंवा पुष्कळ संख्येने लागणारे तुकडे कोरण्यास ही दुसरी पद्धत सोयीची असते. परंतु या उलट्या मांडणीमुळे यंत्राचा स्विच कारागिराच्या बोटाखालून निघून मेजाखाली, नजरेआड जातो. तो पुन्हा हाताशी आणणे, यंत्र नकळत सुरू होणार नाही अशी तजवीज करणे आणि खंडित झालेली वीज परत आली असता यंत्र आपोआप फिरू लागणार नाही हे पाहणे, हे या यंत्राच्या विद्युत् जोडणीतील तीन मुख्य प्रश्न होत.

प्रसार : विजेवर चालणारा हातराउटर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर चलित्र (मोटर) दांड्यांवर दाबून पाते लाकडात उभे उतरविता येईल अशी रचना युरोपात रूढ झाली व या यंत्राचा वापर वाढला. महाराष्ट्रात मोठ्या लाकूडकाम कारखान्यांत उभ्या दंडाची स्थिर कोरणयंत्रे पूर्वीपासून होती. हातराउटर व सनमायकाच्या कडा छाटणारा त्याचा लहान भाऊ ट्रिमर हे मात्र प्लायवुडच्या सामानाबरोबर सुतारांच्या हाती आले. ठाण्याच्या वागळे औद्योगिक वसाहतीतील व डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रातील लहान कार्यशाळा, कल्याणलगतच्या उल्हासनगर येथील फर्निचर बाजारासाठी माल तयार करणारे कारागीर आणि घोडबंदर रस्ता, कल्याण-शीळ रस्ता इ. भागांतील नव्या इमारतींत सदनिकेतच कपाटे, पलंग व स्वयंपाकघरातील खण तयार करणारे सुतार यांच्याकडे ही यंत्रे सर्रास आढळतात. सदनिकेत काम करणारा सुतार तयार राउटर मेज क्वचितच बाळगतो. १८ मिमी. किंवा २५ मिमी. जाडीच्या प्लायवुडच्या तुकड्याला भोक पाडून, त्याखाली राउटर स्क्रूंनी आवळून व तो तुकडा दोन घोड्यांवर ठेवून तो आपले मेज जागच्या जागी उभे करतो. अशा मेजाला स्वतःचा स्विच नसतो. सुरक्षिततेचा प्रश्न मुख्यतः येथूनच उत्पन्न होतो.

यंत्राचे स्वरूप : राउटरात सार्वत्रिक प्रकारचे (प्रत्यावर्ती म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या व एकदिश अशा दोन्ही प्रवाहांवर चालू शकणारे) चलित्र असते. त्याच्या फिरत्या भागाला दिक्परिवर्तक व कार्बनाचे ब्रश यांच्याद्वारे प्रवाह मिळतो [→ विद्युत् चलित्र]. आकाराने लहान असूनही हे चलित्र अतिशय वेगाने फिरते. ट्रिमराची शक्ती साधारणतः ३५० ते ७०० वॉट, तर मेजाखाली बसविण्याजोग्या राउटराची १,२०० ते २,२०० वॉट असते. वेग दर मिनिटास सु. ८,००० ते ३०,००० फेरे या मर्यादेत असतो. पात्याच्या कडेचा वेग त्याच्या व्यासाबरोबर वाढतो. २० मिमी. व्यासाचे पाते दर मिनिटास २४,००० फेऱ्यांनी फिरत असल्यास त्याच्या धारेचा वेग सेकंदास सु. २५ मी. होतो, ५० मिमी. व्यासाचे पाते २०,००० फेऱ्यांनी फिरविल्यास तो सेकंदास सु. ५२ मी., म्हणजे ताशी सु. १८८ किमी. इतका होतो. यामुळेच मोठ्या व्यासाची पाती कमी वेगाने फिरवावी लागतात.

मेजावर हे पाते खालून वर आलेले असते व वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरते. कारागिराने आधारपट्टीला (लाकूड ज्या सरळ फळीला टेकवून सरकवितात तिला) चिकटवून लाकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे पात्याच्या फेऱ्याविरुद्ध, न्यावयाचे असते. दिशा चुकल्यास पाते लाकूड हातातून ओढून भिरकावते आणि लाकडामागून येणारी बोटे पात्यावर जाण्याचा संभव असतो. काम चालू असताना दोन्ही हात लाकडावर गुंतलेले असतात. लाकूड अडकले, गाठ लागून उडू लागले किंवा पाते सैल झाल्याचा आवाज आला, तर कारागिराजवळ विचार करण्यास क्षणभरच वेळ असतो. त्या क्षणात बंद करण्याची सोय सापडली पाहिजे, ही या यंत्राच्या स्विचाची पहिली अट होय.

हातयंत्राच्या स्विचाच्या मर्यादा : राउटराचा मूळ स्विच हातात धरून वापरण्यासाठी असतो. काही यंत्रांत तो बोटाने दाबून धरावयाचा खटका असतो. बोट काढताच यंत्र थांबते, आणि सलग कामासाठी खटका दाबलेल्या स्थितीत अडकविणारे लहान बटण शेजारी असते. इतर यंत्रांत सरकवावयाचा किंवा कलता स्विच असतो. हे सर्व स्विच हातात यंत्र असताना सोयीचे असले, तरी मेजाखाली उलटे गेल्यावर ते चाचपडून शोधावे लागतात. शोधणारा हात खाली जातो तेव्हा कारागीर वाकतो, त्याचा चेहरा पात्याच्या पातळीजवळ येतो व दुसरा हात तोल सावरण्यासाठी मेजावर टेकतो. उलट्या यंत्रात स्विच वरच्या बाजूस आल्याने त्यात लाकडाची भुकटीही पडत राहते व खटका अडकण्याची शक्यता वाढते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे राउटराचा खटका कायमचा अडकवून ठेवणे व भिंतीवरील प्लगच्या बटणाने किंवा जोडतारेच्या बोर्डावरील बटणाने यंत्र चालू-बंद करणे. ही पद्धत तीन कारणांनी सदोष आहे. एक, बटण कारागिरापासून दूर, बहुधा त्याच्या पाठीमागे असते. त्यामुळे अडचणीच्या वेळी लाकूड सोडून वळावे लागते किंवा मदतनीसाला ओरडून सांगावे लागते. दोन, घरगुती बटणाची रचना दिवा-पंख्याच्या प्रवाहासाठी असते. चलित्र सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते आणि बंद होताना स्विचाच्या स्पर्शकांमध्ये (ज्यांच्या टेकण्याने मंडल पूर्ण होते त्या धातूच्या तुकड्यांमध्ये) विद्युत् प्रज्योत निर्माण होते. अशा वारंवारच्या प्रज्योतीने स्पर्शक जळतात व काही वेळा एकमेकांस चिकटून बसतात. तसे झाल्यास बटण बंद केले तरी यंत्र चालूच राहते. तीन, हे बटण आपली स्थिती धरून ठेवते. वीज गेली तरी ते चालूच्या बाजूला असते आणि वीज परतली की यंत्र त्याच क्षणी फिरू लागते. यांतील तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे, कारण तो ऐन कामात दिसत नाही.

वीज खंडित होणे व परत येणे : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील वीजपुरवठा मुख्यतः महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाकडे होता. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. त्यानंतरची काही वर्षे राज्यात विजेचा तीव्र तुटवडा होता. मुंबई शहर भारनियमनातून वगळलेले असले, तरी ठाण्यापासून पुढच्या वस्त्यांना ठरावीक तास वीज बंद ठेवण्याचा अनुभव घ्यावा लागला. भारनियमनाची वेळ आधी माहीत असे. कारागीर ती धरून कामाची आखणी करी व वीज परतण्याच्या सुमारास यंत्रापासून दूर राही. त्याहून धोक्याची असते ती अनपेक्षित खंडितता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी १० च्या सुमारास ठाणे जिल्ह्यातील पडघा व कळवा या उपकेंद्रांमधील ४०० किलोव्होल्ट वाहिन्यांवरील बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई व आसपासच्या भागांतील वीज एकाएकी गेली, उपनगरी गाड्या जागीच थांबल्या व पुरवठा दिवसभरात टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाला. एवढी मोठी घटना विरळाच; परंतु पावसाळ्यात झाडाची फांदी तारांवर पडणे, भूमिगत केबलमध्ये पाणी शिरणे, रोहित्रावरील वितळतार जाणे, दुरुस्तीसाठी वाहिनी बंद ठेवणे या घटना नित्याच्या आहेत.

अशा वेळी कार्यशाळेत काय घडते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लाकूड अर्धे कोरलेले असताना वीज जाते, पाते थांबते. कारागीर थोडा वेळ वाट पाहतो; मग अडकलेले लाकूड मोकळे करतो, पात्याभोवती साचलेला भुसा बोटाने काढतो किंवा तेवढ्यात पाते बदलून घेऊ म्हणून पाना लावतो. यंत्र थांबलेले असते, पण बंद केलेले नसते. वीज परत येते तेव्हा तिची पूर्वसूचना नसते. पाते क्षणार्धात सेकंदाला शेकडो फेरे घेऊ लागते. सदनिकेतील कामावर हा धोका आणखी वाढतो, कारण मुख्य स्विच खालच्या मजल्यावर असतो व तो दुसऱ्याच कोणाच्या हातून चालू केला जाऊ शकतो.

शून्यदाब मुक्तक : या धोक्यावरील उपाय साधा व फार जुना आहे. विद्युत् दाब नाहीसा होताच जो स्विच आपोआप उघडतो व दाब परतल्यावरही उघडाच राहतो, त्यास शून्यदाब मुक्तक म्हणता येईल. बाजारात तो एनव्हीआर स्विच या नावाने ओळखला जातो. त्यात हिरवे व लाल अशी दोन बटणे असतात. हिरवे बटण दाबले की स्पर्शक मिटतात आणि त्याच वेळी आतील वेटोळ्यातून प्रवाह जाऊन ते विद्युत् चुंबक बनते. हे चुंबक लोखंडी पट्टी ओढून धरते व बोट काढले तरी स्पर्शक मिटलेलेच राहतात. लाल बटण दाबल्यास वेटोळ्याचा प्रवाह तुटतो, स्प्रिंग पट्टीला मागे खेचते व यंत्र बंद होते. वीज गेल्यावरही नेमके हेच घडते. वीज परत आली तरी वेटोळ्याला ती मिळत नाही, कारण तिचा मार्ग उघड्या स्पर्शकांतूनच असतो. यंत्र पुन्हा सुरू करण्यास माणसाने जाणीवपूर्वक हिरवे बटण दाबावे लागते.

हेच तत्त्व शेतीपंपाच्या प्रारंभकात (स्टार्टरात) असते. त्यातील वेटोळ्याला वीजतंत्री नो-व्होल्ट कॉइल म्हणतात. ग्रामीण भागात रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी या प्रारंभकाला स्वयंचलित स्विच जोडतात. वीज परतताच सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर भार येतो, म्हणून महावितरणने हे स्विच न वापरण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे. पंपाजवळ त्या वेळी बहुधा कोणी नसते. राउटराजवळ मात्र माणसाचा हात असतो. तेव्हा पंपावर जी युक्ती सोय म्हणून वापरली जाते, तीच लाकूडकामाच्या यंत्रावर कधीही योजता कामा नये.

मोठ्या कार्यशाळेत, विशेषतः जेथे त्रिकला पुरवठ्यावर चालणारी रंधायंत्रे व करवती आहेत तेथे, मेजाला संस्पर्शक (विद्युत् चुंबकाने मिटणारा व जास्त प्रवाह वाहून नेणारा स्विच) असलेला प्रारंभक जोडणे अधिक सोयीचे असते. यात चालू करण्याचे बटण दाबल्यावरच मिटणारे, तर बंद करण्याचे बटण दाबल्यावर उघडणारे असते. चालू बटणाला समांतर असा संस्पर्शकाचा एक साहाय्यक स्पर्शक जोडलेला असतो व तो वेटोळ्याचा पुरवठा टिकवून धरतो. या रचनेचा फायदा असा की, बंद करणारी बटणे कितीही संख्येने एकापुढे एक जोडता येतात. एक मेजाच्या पुढच्या कडेला, दुसरे बाजूला व तिसरे मदतनीस उभा राहतो तेथे बसविता येते. यांपैकी कोणतेही एक दाबले किंवा त्याची तार तुटली, तरी यंत्र थांबते. बिघाड झालाच तर तो यंत्र बंद करणारा असावा, हा सुरक्षित रचनेचा नियम येथे सहज पाळला जातो. प्रारंभकात अतिभार अभिचलित्रही (ठरावीक मर्यादेबाहेर प्रवाह वाहत राहिल्यास मंडल तोडणारी प्रयुक्ती) असते. मात्र ते राउटराच्या प्रवाहानुसार जुळवून घ्यावे लागते.

स्विचाची जागा व आकार : स्विच मेजाच्या पुढच्या कडेखाली, कारागीर उभा राहतो त्या बाजूस, पात्याच्या सरळ रेषेपासून थोडा बाजूला असावा. तो बंद करण्यासाठी हात पात्यावरून किंवा सरकत्या लाकडावरून न्यावा लागू नये. चालू करण्याचे बटण कडेच्या आत दबलेले असावे, म्हणजे लाकडाचे टोक वा शरीराचा धक्का लागून ते दाबले जात नाही. बंद करण्याचे बटण याउलट मोठे, लाल, पुढे आलेले व तळहाताने, मांडीने किंवा गुडघ्याने न पाहता दाबता येईल असे असावे. काही स्विचांवर लाल रंगाचे मोठे झाकण असते व ते कोठेही दाबले तरी यंत्र थांबते. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या यंत्रांविषयीच्या आयईसी ६०२०४–१ या मानकात आणीबाणीच्या बटणासाठी पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल रंग सांगितला आहे. असे बटण एकदा दाबले की अडकून राहते व पिळून किंवा ओढून मोकळे करावे लागते. मोकळे केल्याने यंत्र सुरू होत नाही, ते फक्त सुरू होण्यास पात्र होते. चालू करण्यास थोडे श्रम पडावे व बंद करण्यास मुळीच पडू नयेत, असे या योजनेचे सूत्र सांगता येईल.

दोन्ही हात लाकडावर राहावेत म्हणून काहीजण पायाने दाबावयाचा स्विच वापरतात. पाय ठेवला असता यंत्र चालू व पाय उचलताच बंद अशा प्रकारचा स्विच काही कामांना उपयुक्त असतो. तो वरून झाकलेला असावा, नाहीतर पडलेल्या तुकड्याने किंवा दुसऱ्याच्या पायाने दाबला जातो. एकदा दाबल्यावर चालू व पुन्हा दाबल्यावर बंद होणारा पायस्विच मात्र टाळावा. घाईत दोनदा पाय पडल्यास थांबलेले यंत्र पुन्हा सुरू होते. कोणताही पायस्विच शून्यदाब मुक्तकाच्या पुढच्या बाजूस, त्याला पूरक म्हणून जोडावा, त्याच्याऐवजी नव्हे.

जोडणी : सर्वांत सोपी रचना म्हणजे मेजावर शून्यदाब मुक्तक व त्यापुढे एक प्लगपेटी बसविणे. मुक्तकाला भिंतीवरील प्लगातून पुरवठा द्यावा व राउटराचा प्लग मेजावरील पेटीत घालावा. यामुळे राउटराची तार कापावी लागत नाही आणि यंत्र काढून हातात वापरता येते. मुक्तक दोन्ही तारा (प्रवाह आणणारी व उदासीन) एकाच वेळी तोडणारा असावा. राउटराचा स्वतःचा खटका चालू स्थितीत अडकविण्यास त्याचे मूळ बटण नसल्यास सहज काढता येईल असा पट्टा वापरावा. चिकटपट्टीचे वेढे, तार किंवा खिळा वापरू नये. राउटर मेजावरून काढताना हा पट्टा प्रथम सोडावा. तो तसाच राहिला व यंत्र दुसऱ्या प्लगात लावले गेले, तर फरशीवर आडवे पडलेले यंत्र प्लग लावताक्षणी फिरू लागते. मुक्तक मेजाचे रक्षण करतो. मेजावरून उतरलेल्या यंत्राचे नाही.

अनेक नव्या राउटरांत वेग बदलण्याची इलेक्ट्रॉनीय सोय व सावकाश सुरुवात करणारे मंडल असते. त्यांना बाह्य मुक्तक चालतो. मात्र काही यंत्रांत पुनःप्रारंभ-प्रतिबंध आतच बसविलेला असतो. अशा यंत्राचा स्विच आधीच चालू ठेवून बाहेरून वीज दिल्यास ते सुरू होत नाही. ते त्याच्या स्वतःच्या स्विचानेच सुरू करावे लागते. हा दोष नसून संरक्षण आहे व ते निकामी करू नये. मेजासाठी यंत्र घेण्यापूर्वी ही बाब तपासून पाहावी. पंख्याचा वेगनियंत्रक राउटराला लावणे सर्वथा अयोग्य होय. तो एवढा प्रवाह वाहून नेऊ शकत नाही आणि यंत्रातील इलेक्ट्रॉनीय मंडलही बिघडवितो.

क्षमता व तारा : भारतात एककला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असतो. १,५०० वॉटचा राउटर सु. ६·५ अँपिअर व २,००० वॉटचा सु. ८·७ अँपिअर प्रवाह घेतो. तेव्हा ६ अँपिअरचा लहान प्लग दोन्हींना अपुरा पडतो. १६ अँपिअरचा मोठा प्लगच वापरावयास हवा. मुक्तकावरील क्षमतेचा आकडा चलित्राच्या भारासाठी आहे की केवळ तापतारेसारख्या साध्या भारासाठी, हे पाहून घ्यावे. भुसा ओढणारे निर्वात यंत्र त्याच मुक्तकावर जोडण्याची सोय आकर्षक असली, तरी १,५०० वॉटचा राउटर व १,२०० वॉटचे निर्वात यंत्र मिळून सु. ११·७ अँपिअर प्रवाह घेतात आणि १० अँपिअरचा मुक्तक या भाराने तापतो. अशा वेळी मुक्तकाने संस्पर्शक चालवावा व दोन्ही यंत्रे संस्पर्शकावर घ्यावीत.

जोडतार लांब असल्यास तिच्यातील दाबपात विचारात घ्यावा लागतो. २० मी. लांबीच्या, १ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या लवचिक जोडतारेत ९ अँपिअर प्रवाहाला सु. ७ व्होल्टचा दाबपात होतो. छेद २·५ चौ. मिमी. असल्यास तो सु. ३ व्होल्टांवर येतो. चलित्र सुरू होतेवेळी प्रवाह कित्येक पट असल्याने दाब त्या क्षणी बराच खाली जातो. मुळातच दाब कमी असलेल्या जागी त्यामुळे मुक्तकाचे वेटोळे पट्टी धरू शकत नाही व स्विच फडफडतो. हिरवे बटण दाबूनही यंत्र टिकत नसेल, तर बटणाला खाप लावून ते दाबून ठेवणे हा उपाय नव्हे. जाड व आखूड जोडतार घेणे हा आहे. चक्रीवर गुंडाळलेली तार पूर्ण उलगडून वापरावी, अन्यथा ती आतल्या आत तापते.

इतर संरक्षण : मुक्तक हा अतिप्रवाहापासून किंवा विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देत नाही. त्यासाठी पुरवठ्याच्या सुरुवातीस योग्य क्षमतेचा मंडल खंडक (एमसीबी) व ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-प्रवाह खंडक (आरसीसीबी) असावा. चलित्राच्या प्रारंभिक प्रवाहाने उगाच तुटू नये म्हणून मंडल खंडक ‘सी’ प्रकारचा घेतात. बहुतेक हातराउटर दुहेरी निरोधनाचे असतात व त्यांच्या तारेत भूतार नसते. तथापि धातूचे मेज व स्विचाची धातूची पेटी यांना अर्थिंग देणे आवश्यकच आहे. लाकडाची, विशेषतः घनता-तंतुफलकाची (एमडीएफची), भुकटी अतिसूक्ष्म असते. ती साध्या स्विचात शिरून स्पर्शकांवर बसते व ठिणगीने धुमसू शकते. म्हणून धूळबंद पेटी पसंत करतात. कोकणपट्टीतील दमट पावसाळ्यात हीच भुकटी ओल धरते. २६ जुलै २००५ च्या महापुरात ठाणे, कल्याण, बदलापूर परिसरात तळमजल्यांवर पाणी भरले होते. अशा रीतीने भिजलेला स्विच वाळवून पुन्हा वापरणे धोक्याचे असते. तो बदलणेच योग्य.

पाते बदलणे : स्विच बंद असणे व यंत्र विजेपासून तोडलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुक्तकाचे हिरवे बटण कोणीही, चुकूनही, दाबू शकतो. म्हणून पाते बदलताना, त्याची उंची हाताने जुळविताना किंवा पात्याभोवतीची जागा साफ करताना राउटराचा प्लग पेटीतून काढून मेजावर, डोळ्यांसमोर ठेवावा. स्विच बंद केल्यावर पाते लगेच थांबत नाही. ते काही सेकंद निःशब्दपणे फिरत राहते व जोराच्या प्रकाशात स्थिर असल्याचा भासही होऊ शकतो. ते पूर्ण थांबल्याखेरीज लाकूड मागे घेऊ नये व हात जवळ नेऊ नये. कार्यशाळेत एकाहून अधिक माणसे असल्यास मुख्य स्विचाला कुलूप लावून किल्ली पाते बदलणाऱ्याने स्वतःजवळ ठेवण्याची पद्धत सर्वांत खात्रीची होय.

मुक्तकाची परीक्षा कोणासही करता येते. पाते व कॉलेट (पाते धरणारी चिमट) काढून ठेवावे, यंत्र मोकळे चालू करावे व भिंतीवरील बटण बंद करावे. यंत्र थांबल्यावर ते बटण पुन्हा चालू करावे. यंत्र शांत राहिले तर मुक्तक ठीक आहे. ते फिरू लागले तर मुक्तक निकामी झाला आहे किंवा त्याला वळसा घालून जोडणी झाली आहे. ही परीक्षा नव्या जागी मेज मांडल्यावर प्रथम व नंतर ठरावीक काळाने करावी.

कायद्याची व्याप्ती : कारखाने अधिनियम, १९४८ यातील चोविसाव्या कलमात, प्रत्येक कामाच्या दालनात चालू यंत्राची शक्ती आणीबाणीत तोडण्याची साधने असावीत आणि जे साधन नकळत बंद स्थितीतून चालू स्थितीत जाऊ शकते, ते सुरक्षित स्थितीत अडकवून ठेवण्याची सोय असावी, अशी तरतूद होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत या अधिनियमाचा विषय समाविष्ट करण्यात आला आहे. तथापि जुन्या अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागी किमान १० कामगार असल्यासच तिला कारखाना मानले जाई. नव्या संहितेत ही संख्या २० आहे. दोन-तीन सहकाऱ्यांसह सदनिकेत काम करणारा सुतार दोन्हींच्या कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहतो. त्याच्या मेजाची तपासणी करण्यास निरीक्षक येत नाही आणि बोट गेल्यास त्याचा रोजगारही बहुधा त्याबरोबरच जातो. अशा कारागिराच्या बाबतीत नियमाची जागा एका स्विचानेच भरून काढावी लागते. त्याची किंमत राउटराच्या किंमतीच्या मानाने थोडी असते व तो बसविण्यास अर्ध्या दिवसापेक्षा अधिक वेळ लागत नाही.